आठवड्याला आठ पौंड

१९२८ चा उन्हाळा. फुटबॉलचा मोसम संपला होता. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे मॅनेजर विली मेली आपल्या चोवीस वर्षांच्या सेंटर फॉरवर्डला, म्हणजे गोल मारणाऱ्या मुख्य खेळाडूला, घेऊन फ्रान्समधल्या लूर्दला निघाले होते. लूर्द हे कॅथलिकांचं मोठं तीर्थक्षेत्र, तिथल्या झऱ्याच्या पाण्यासाठी जगभरातून आजारी माणसं येतात. जिमी मॅक्ग्रोरी श्रद्धाळू घरातला मुलगा. खुद्द मॅनेजरांनी यात्रेला चल म्हणावं, याचं त्याला अप्रूप वाटलं असणार. गाडी लंडनच्या यूस्टन स्टेशनात शिरली तर तिथे लंडनच्याच आर्सेनल क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन वाट पाहत उभे. हा योगायोग नव्हता. सेल्टिकने जिमीला विकायचं मनावर घेतलं होतं. बोली दहा हजार पौंडांच्या घरात होती, आणि ज्याची विक्री व्हायची तो सोडून त्या व्यवहारातल्या सगळ्यांना ती ठाऊक होती.

जिमी नाही म्हणाला. यात्रा उरकून परत येताना चॅपमन पुन्हा आडवे आले. तेव्हाही तो नाहीच म्हणाला.

तोवर ब्रिटनमध्ये एका फुटबॉलपटूसाठी पाच आकडी रक्कम कोणी मोजली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात चॅपमननी बोल्टन क्लबच्या डेव्हिड जॅकसाठी ती मोजली आणि विक्रम जॅकच्या नावावर लागला. जिमी ग्लासगोतच राहिला. पुढे त्याने सांगितलं, की ‘आर्सेनलचा मॅक्ग्रोरी’ हे ‘सेल्टिकचा मॅक्ग्रोरी’इतकं कानाला कधी गोड लागलंच नाही. हे वाक्य ग्लासगोत आजही लोकांना पाठ आहे.

मी या शहरात राहायला आले तेव्हा ही गोष्ट मला अनेकांनी अनेकदा सांगितली. बसमध्ये, ऑफिसात, शेजारच्या घरी चहा घेताना. सांगणाऱ्याचा चेहरा दर वेळी उजळायचा. मग गोष्ट संपताना, जाता जाता, एक शेपूट जोडलं जायचं. त्या नकारानंतर सेल्टिकच्या संचालकांनी त्याला सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार दिला. बाकीच्यांना आठवड्याला नऊ पौंड आणि जिमीला आठ. क्लबसाठी सर्वांत जास्त गोल करणाऱ्या माणसाला सर्वांत कमी. त्याला हे कळायला कित्येक वर्षं जावी लागली.

मला ही गोष्ट त्या शेपटापासूनच सांगावीशी वाटते.

पण आधी गार्नगॅड. ग्लासगोच्या उत्तरेला, टेकाडावर वसलेली ही वस्ती. २६ एप्रिल १९०४ ला जिमी इथे जन्मला. आईवडील आयर्लंडमधल्या डोनेगलकडचे, आणि वडील गॅसच्या कारखान्यात मजूर. वस्तीला लोक ‘छोटं आयर्लंड’ म्हणायचे. आसपास रसायनांचे कारखाने आणि रेल्वेची वर्कशॉप, वर धुराचं छत. जवळच सेंट रोलॉक्सच्या कारखान्याची चिमणी होती. ती चारशे फुटांहून उंच होती आणि एके काळी जगातल्या सर्वांत उंच चिमण्यांत गणली जायची. चिमणीचा धूर वर जायचा, पण कारखान्याच्या रासायनिक गाळाचे ढीग खालीच, माणसांच्या शेजारी साठायचे. टेनमेंट म्हणतात तशा दगडी इमारतींत एकेका खोलीत कुटुंबं कोंबलेली. पुढे या नावाची इतकी बदनामी झाली की महापालिकेने वस्तीचं नाव बदलून रॉयस्टन केलं. जुनी माणसं अजून गार्नगॅडच म्हणतात, आणि म्हणताना जरा ताठ होतात.

जिमीने सेल्टिककडून पहिला सामना खेळला तो जानेवारी १९२३ मध्ये, थर्ड लॅनार्कविरुद्ध. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या अधिकृत, प्रॉटेस्टंट चर्चच्या महासभेपुढे एक अहवाल आला होता. आयरिश वंशामुळे स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला असलेला धोका, हा त्याचा विषय. म्हणजे जिमीच्या आईवडिलांसारखी माणसं हा धोका. गोदीत, कारखान्यात, दुकानात कॅथलिक आडनाव पाहून अर्ज बाजूला सारणं ही या शहराची तेव्हाची रीत होती. शहरातला दुसरा मोठा क्लब, रेंजर्स, कॅथलिक खेळाडू घेत नव्हता. अशा शहरात गार्नगॅडच्या मुलाला हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा सेल्टिकचा शर्ट मिळणं ही नुसती नोकरी नव्हती. तो शर्ट घालून तो मैदानात उतरायचा तेव्हा, बाकी सगळीकडे मान खाली घालून वावरणारे हजारो लोक आवाज चढवायचे. मला वाटतं, त्याच्या नकाराचं मूळ इथे आहे. त्याची निष्ठा क्लबशी होती असं सगळे म्हणतात. ती संचालकांच्या खोलीशी नव्हती, गॅलरीत उभ्या असलेल्या माणसांशी होती. या दोन गोष्टी एकच आहेत असं भासवण्यातच क्लबचा फायदा होता.

सेल्टिकचा जन्म धर्मादायातून झाला. १८८७ च्या अखेरीस ब्रदर वॉल्फ्रिड नावाच्या धर्मबंधूने, पूर्व ग्लासगोतल्या गरीब मुलांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून हा क्लब काढला. जेमतेम दहा वर्षांत, १८९७ मध्ये, त्याची मर्यादित कंपनी झाली. भागधारक आले, लाभांश आला. जिमी खेळत होता तो क्लब हा असा. बाहेरून आपल्या माणसांचा, आतून हिशेबाचा. १९२८ मध्ये संचालकांना नवं स्टँड बांधायचं होतं आणि त्यासाठी रोकड हवी होती. गार्नगॅडच्या मुलाचे दहा हजार पौंड येऊ शकत होते.

खेळाडू म्हणून तो कसा होता? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. त्याचं चलत्चित्र फार थोडं शिल्लक आहे, आणि आहे ते धुरकट. पण छायाचित्रांतून, वर्णनांतून जे उभं राहतं ते विलक्षण आहे. उंची बेताची, अंगकाठी गोटीबंद, खांदे इतके रुंद की मान त्यात बुडाल्यासारखी वाटावी. पायातही ताकद होती, पण लोक त्याला ओळखायचे ते डोक्याने मारलेल्या गोलांसाठी. विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, चेंडू यायचा, बचावपटू उडी मारायच्या तयारीत असायचे, आणि हा जमिनीला समांतर होऊन पाण्यात सूर मारावा तसा झेपावायचा. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर असला तरी डोकंच. समोर बुटांचे खिळे आहेत की गोलपोस्ट, याची फिकीर नाही. ‘मानवी टॉर्पेडो’ हे त्याचं टोपणनाव पहिल्या महायुद्धातून परतलेल्या पिढीने ठेवलेलं. त्या पिढीला टॉर्पेडो म्हणजे काय हे चांगलंच माहीत होतं.

१९२५ च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात डंडी एक गोलने पुढे होती. पॅट्सी गॅलाकर नावाच्या किडकिडीत जादूगाराने चार-पाच जणांना चकवलं, गोलच्या तोंडाशी पडला, आणि चेंडू दोन पायांत धरून कोलांटी मारत तो जाळ्यात घेऊन गेला. हा गोल ग्लासगोत देवाच्या लीलेसारखा सांगितला जातो. पण त्याने फक्त बरोबरी झाली होती. सामना जिंकला तो शेवटच्या मिनिटांत फ्री किकवर मारलेल्या सूरामुळे, आणि तो सूर जिमीचा होता. तेव्हा तो एकवीस वर्षांचाही झाला नव्हता. मोठ्या सामन्यांत पुढेही हेच होत राहिलं. १९३१ च्या अंतिम सामन्यात आणि त्याच्या फेरसामन्यात गोल, १९३३ मध्ये मदरवेलविरुद्धचा एकमेव गोल. दर वेळी तोच.

आकडे सांगायलाच हवेत, कारण त्यांवर चटकन विश्वास बसत नाही. लीगच्या ४०८ सामन्यांत ४१० गोल. सगळे प्रथम दर्जाचे सामने धरले तर ५५०. ब्रिटनच्या अव्वल फुटबॉलमध्ये हा आकडा आजवर कोणी गाठलेला नाही. १९२६-२७ च्या मोसमात लीगमध्ये ४९, पुढच्या मोसमात ४७. त्यातले आठ एकाच सामन्यात, १४ जानेवारी १९२८ ला, डन्फर्मलिनविरुद्ध.

या आकड्यांमागे एक नियमही आहे, तो सांगितला नाही तर अप्रामाणिकपणा होईल. १९२५ पर्यंत ऑफसाइड, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजवळ आधीच जाऊन चेंडूची वाट पाहण्याचा दोष, टाळायला पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण असावे लागत. बचावपटू हुशार झाले, पुढे सरकून सापळे लावू लागले, खेळ मध्यरेषेभोवती गुदमरला. स्कॉटिश संघटनेच्याच प्रस्तावावरून तिनाचे दोन झाले आणि धरण फुटलं. १९२६-२७ मध्ये मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅम्सेलने लीगमध्ये ५९ गोल केले, पुढच्या वर्षी एव्हर्टनच्या डिक्सी डीनने ६०, आणि त्याच मोसमात स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीत एअर युनायटेडच्या जिमी स्मिथने ६६. पण चॅपमनसारख्यांनी लवकरच उपाय शोधला. सेंटर हाफ या मधल्या फळीतल्या खेळाडूला मागे ओढून त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्डच्या पाठीला चिकटवला. बाकीच्यांचे आकडे आटू लागले तरी मॅक्ग्रोरी थांबला नाही. १९३५-३६ मध्ये, वयाच्या बत्तिशीत जाताना, त्याने लीगमध्ये ५० गोल केले. त्या वर्षी मार्चमध्ये मदरवेलविरुद्ध तीन मिनिटांत तीन.

त्या सूरांचं कौतुक करताना हल्ली माझा हात जरा अडखळतो. तेव्हाचा चेंडू कातड्याचा, वर नाडी बांधलेली, आणि स्कॉटलंडमध्ये पाऊस कधी नसतो? कोरडा चेंडू तेरा ते पंधरा औंसांचा, पण चिखलात तासभर लोळल्यावर त्याचं काय व्हायचं हे खेळणाऱ्यांनाच माहीत. २०१९ मध्ये ग्लासगोतल्याच संशोधकांनी जुन्या व्यावसायिक स्कॉटिश फुटबॉलपटूंच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांच्या साडेतीन पट निघालं. दुसऱ्याच वर्षी स्कॉटलंडने बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडर मारायला बंदी केली. बिली मॅक्नील हा सेल्टिकचा पुढचा महान कप्तान, त्याला क्लबमध्ये आणलं ते मॅनेजर झालेल्या मॅक्ग्रोरीनेच. मॅक्नीलची अखेरची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. खेळाडूंनी क्लबला काय दिलं याचा हिशेब पगाराच्या वहीत मावत नाही.

आता त्या आठ पौंडांकडे वळते. आठ पौंड ही गरिबी नव्हती, हे आधी मान्य करते. त्या काळात कुशल कामगाराला आठवड्याला तीनेक पौंड मिळायचे. जिमीच्या वडिलांच्या हाती एवढा पैसा कधी पडला नसेल. आणि इंग्लंडला गेला असता तर? तिथे १९२२ पासून खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, मोसमात आठवड्याला आठ पौंड. नव्या क्लबशी करार करताना खेळाडूला अधिकृतपणे मिळायचे दहा पौंड. दहा हजार विकणाऱ्याला, दहा विकल्या जाणाऱ्याला. आर्सेनलने मॅक्ग्रोरीला कायद्याने दिले असते तेही आठच. अर्थात श्रीमंत क्लबांकडे पळवाटा होत्या. १९२९ मध्ये अ‍ॅलेक्स जेम्स हा दुसरा स्कॉटिश खेळाडू आर्सेनलला गेला तेव्हा त्याला लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात क्रीडासाहित्याचा प्रात्यक्षिककार म्हणून वर्षाला अडीचशे पौंडांची नोकरी लावून देण्यात आली. जिमीलाही असं काहीतरी मिळालं असतं.

क्लबला त्याला विकायचा अधिकार होता. त्याला फक्त नाही म्हणायचा होता. स्वतःहून दुसरीकडे जायचा नव्हता, कारण करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या तिजोरीत राहायची. क्लबने सोडल्याशिवाय तो कुठेच खेळू शकत नसे. इंग्लंडमध्ये कमाल पगाराची मर्यादा १९६१ मध्ये उठली आणि नोंदणीच्या बेडीवर न्यायालयाने घाव घातला तो १९६३ मध्ये, जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात. मॅक्ग्रोरी तोवर साठीला टेकला होता. स्कॉटलंडमध्ये कमाल मर्यादा नव्हतीच. म्हणजे सेल्टिकला त्याला दहा, बारा, पंधरा पौंड देण्यापासून कोणताही कायदा अडवत नव्हता. त्यांनी आठ दिले. तो एक पौंड वाचवल्याने क्लबचं काही भलं झालं नाही, नवं स्टँड त्यातून उभं राहिलं नाही. ती निव्वळ शिक्षा होती. आणि शिक्षा झाली आहे हे शिक्षा भोगणाऱ्याला सांगायचं धैर्यही त्यांच्यात नव्हतं.

मी इतकी तळमळून का लिहिते आहे, ते सांगते. माझ्या बाबांनी एकदा बढतीवरची बदली नाकारली. मोठ्या शहरात मोठी खुर्ची होती. आजी म्हातारी होती, गावात त्यांनी चालवलेलं वाचनालय होतं, आणि त्यांना जायचं नव्हतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते त्याच खुर्चीत राहिले. त्यांच्यामागून आलेली माणसं पुढे गेली. शिक्षा म्हणून कोणी काही बोललं नाही, कागदावर काही आलं नाही. फक्त दर वर्षी यादी लागायची आणि तिच्यात त्यांचं नाव नसायचं. निरोपसमारंभात मात्र त्यांच्या निष्ठेवर लांबलचक भाषणं झाली. मी पहिल्या रांगेत बसले होते. ‘निष्ठा’ हा शब्द व्यासपीठावरून ऐकू आला की मला त्या याद्या आठवतात. मी स्वतः संधी मिळताच घर सोडलं आणि इतक्या लांब आले, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण राहणाऱ्याला भोळा आणि जाणाऱ्याला हुशार म्हणायची जी रीत आहे ती मला आता मुळीच पटत नाही. राहणाराही हिशेब करतो. त्याच्या हिशेबात वेगळी माणसं असतात, एवढंच.

मॅक्ग्रोरीचा काळ स्कॉटलंडसाठी कठीण होता. मंदीने क्लाइड नदीकाठच्या गोद्या बंद पडल्या. डिसेंबर १९३१ मध्ये क्लाइडबँकला जॉन ब्राउनच्या गोदीत पुढे ‘क्वीन मेरी’ म्हणून गाजलेल्या जहाजाचं काम थांबलं, आणि १९३४ च्या एप्रिलपर्यंत तो अर्धवट सांगाडा तसाच उभा राहिला. त्याच क्लाइडबँकच्या फुटबॉल क्लबकडे जिमी १९२३-२४ मध्ये एक मोसम उसना गेला होता आणि तिथून खेळताना त्याने सेल्टिकविरुद्धच गोल मारला होता. तो क्लब १९३१ मध्ये लीगमधून बाहेर पडला. शनिवारी दुपारी एक शिलिंग टाकून सामन्याला येणाऱ्यांत बेकारभत्त्यावर जगणारे होते. त्यांच्या आठवड्यात आनंदाची तेवढीच एक जागा होती.

सेल्टिकच्या त्या संघावरही आघात झाले. ५ सप्टेंबर १९३१ ला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर बावीस वर्षांचा गोलरक्षक जॉन थॉमसन प्रतिस्पर्धी फॉरवर्ड सॅम इंग्लिशच्या पायांत झेपावला. गुडघा डोक्याला लागला, कवटी फुटली आणि त्या रात्री तो गेला. तो फाइफच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यातला. चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेला. कार्डेंडनला त्याच्या अंत्ययात्रेसाठी सुमारे तीस हजार लोक जमले, आणि त्यांत ग्लासगोहून पायी, रात्री डोंगरात काढत आलेले बेकार तरुण होते. सॅम इंग्लिशचा काही दोष नव्हता, हे थॉमसनच्या घरच्यांनीही म्हटलं, पण मैदानांवरून त्याला जे ऐकावं लागलं त्याने त्याचं खेळणं नासून गेलं. त्याच मोसमात जिमीच्या शेजारी खेळणारा पीटर स्कार्फ रक्त ओकू लागला. क्षयाने तो १९३३ च्या डिसेंबरात वारला, पंचविसाव्या वर्षी. दोन वर्षांत एका संघातले दोन तरुण.

आणि गोल मारणाऱ्यांचं पुढे काय झालं? मॅक्ग्रोरीने लीग गोलांचा जो विक्रम १९३५ मध्ये मोडला तो ह्यूई फर्ग्युसनचा होता. मदरवेलमधून कार्डिफला गेलेला, १९२७ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात आर्सेनलविरुद्ध एकमेव गोल मारून तो चषक वेल्सला नेणारा हाच. स्कॉटलंडला परतून तो डंडीकडून खेळू लागला, फॉर्म गेला, प्रेक्षक हुर्यो करू लागले. जानेवारी १९३० मध्ये एका सरावानंतर त्याने मैदानातच स्वतःचा जीव घेतला. आणि ह्यूई गॅलाकर. राष्ट्रीय संघात मॅक्ग्रोरीची वाट अडवून बसलेला माणूस. वीस सामन्यांत वीसहून जास्त गोल केलेला, त्यामुळे निवड चुकीची म्हणता येत नाही. तरी १९२८ चं वर्ष बघा. जानेवारीत मॅक्ग्रोरी एका सामन्यात आठ गोल करतो. गॅलाकर तेव्हा एका पंचाला ढकलल्याबद्दल दोन महिने निलंबित आहे. मार्चअखेर वेम्बलीवर इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला संघ जाहीर होतो, आणि सेंटर फॉरवर्ड गॅलाकर. स्कॉटलंड ५-१ जिंकतं, ते अकरा जण ‘वेम्बलीचे जादूगार’ म्हणून अमर होतात, मॅक्ग्रोरी त्यांत नसतो. गॅलाकर न्यूकॅसल, चेल्सी, डर्बी असा विकला गेला, त्याच्यासाठी हजारो पौंड हात बदलत राहिले, आणि मधल्या काळात त्याचं स्वतःचं दिवाळं वाजलं. जून १९५७ मध्ये गेट्सहेडजवळ तो धावत्या गाडीपुढे गेला. मॅक्ग्रोरी ग्लासगोतच राहिला म्हणून वाचला, असं मी म्हणणार नाही. पण घर सोडण्याची किंमत किती असू शकते हे चांगली माणसं भोगत होती, एवढं खरं.

राष्ट्रीय संघाकडून त्याला सातच सामने मिळाले. सहा गोल. त्यातले दोन १ एप्रिल १९३३ चे, हॅम्पडेन पार्कवर, इंग्लंडविरुद्ध. १ लाख ३० हजारांहून जास्त लोक उभे होते. बरोबरी चालली असताना शेवटी शेवटी त्याचा दुसरा गोल गेला आणि जो आवाज उठला, त्यालाच पुढे ‘हॅम्पडेनची गर्जना’ असं नाव पडलं असं म्हणतात. गार्नगॅडच्या आयरिश मजुराच्या मुलासाठी सगळं स्कॉटलंड ओरडत होतं. दहा वर्षांपूर्वीच्या चर्चच्या अहवालाला याहून चोख उत्तर मला सुचत नाही.

१९३६ मध्ये सेल्टिकने दहा वर्षांनी लीग जिंकली. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस कोलकात्याहून एक पाहुणा क्लबच्या दारात आला. मोहम्मद सलीम, मोहमेडन स्पोर्टिंगचा विंगर. त्याचा एक भाऊ ग्लासगोत राहत होता, त्याने मेलींकडे शब्द टाकला. सलीम बूट घालत नसे. क्लबचे जिमी मॅक्मेनेमी यांनी त्याच्या पायांना पट्ट्या बांधल्या आणि तो तसाच उतरला. राखीव संघाकडून तो दोन सामने खेळला आणि वर्तमानपत्रांनी त्याला ‘भारतीय जादूगार’ म्हणून डोक्यावर घेतलं. क्लबला तो हवा होता. त्याला मात्र कोलकात्याची ओढ लागली आणि तो परत गेला. मॅक्ग्रोरी तेव्हा त्याच क्लबच्या मुख्य संघात होता. यूस्टन स्टेशनावर मागे फिरलेला तो, आणि ग्लासगोहून मागे फिरलेला सलीम. मला या दोघांची नावं एकत्र घ्यायला आवडतात.

एप्रिल १९३७ मध्ये हॅम्पडेनवर अ‍ॅबर्डीनविरुद्ध कपचा अंतिम सामना झाला. जवळपास दीड लाख माणसं होती. युरोपात क्लबांच्या सामन्याला एवढी गर्दी पुन्हा कधी झाली नाही. सेल्टिक जिंकलं. त्या वर्षाअखेर मॅक्ग्रोरी खेळातून निवृत्त होऊन किल्मार्नोकचा मॅनेजर झाला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच्या किल्मार्नोकने सेल्टिकलाच कपमधून बाहेर काढलं. १९४५ मध्ये तो मॅनेजर म्हणून सेल्टिकला परतला आणि वीस वर्षं राहिला. त्या वर्षांबद्दल मी भरभरून लिहू शकत नाही. १९५४ ची लीग आणि कप, १९५७ मध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात रेंजर्सवर ७-१, असे काही सोन्याचे दिवस सोडले तर तो काळ उपाशी गेला. खुर्चीत पाइप ओढणारा, कोणावर आवाज न चढवणारा हा माणूस होता, आणि संघाची निवड प्रत्यक्षात अध्यक्ष रॉबर्ट केली करायचे हे सगळ्यांना माहीत होतं. पुन्हा तीच संचालकांची खोली. पण याच काळात त्याने जॉक स्टीनला वेल्समधल्या एका छोट्या क्लबमधून आणलं. १९६५ मध्ये स्टीन मॅनेजर म्हणून त्याच्या खुर्चीवर बसला, दोन वर्षांत लिस्बनला युरोपियन कप जिंकला. त्या संघातली बहुतेक पोरं मॅक्ग्रोरीच्या काळातच क्लबात आली होती. मॅक्ग्रोरीला जनसंपर्क अधिकारी हे पद देण्यात आलं. २० ऑक्टोबर १९८२ ला तो ग्लासगोत वारला.

कमी पगाराबद्दल त्याला विचारलं तेव्हा तो म्हणायचा, की हिरवा-पांढरा शर्ट अंगात चढवायला मिळाला, सगळं भरून पावलं. त्याच्या या बोलण्यावर मी पूर्ण विश्वास ठेवते. संचालकांना त्यामुळे माफी मिळते असं मात्र मला वाटत नाही. त्याला माफ करायचं असेल तर तो त्याचा मोठेपणा.

रॉयस्टनमध्ये सेंट रॉक्स नावाचा छोटा क्लब आहे. १९२० मध्ये निघालेला. जिमी सेल्टिकला जाण्याआधी याच्याकडून खेळला आणि १९२२ मध्ये त्यांनी स्कॉटिश ज्युनिअर कप जिंकला. त्यांच्या मैदानाला आता जेम्स मॅक्ग्रोरी पार्क म्हणतात. मी एका शनिवारी तिथे गेले. तिकीट स्वस्त, ‘पाय’ नावाची पेस्ट्री गरम, समोर चिखल. उत्तर ग्लासगोत गेल्या पंचवीस वर्षांत आसरा मागायला आलेली बरीच कुटुंबं स्थिरावली आहेत, आणि कठड्यापाशी त्यांची पोरं उभी होती, सुदानी, इराणी, कुर्दी, अस्सल ग्लासगोच्या हेलात पंचांना शिव्या घालत. माझ्या शेजारच्या एका आजोबांनी विचारलं, तू कुठली? मी सांगितलं, महाराष्ट्रातली, सांगलीकडची. ते म्हणाले, लांब आलीस. मग मैदानाकडे बोट करून त्यांनी मला मॅक्ग्रोरीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी त्यांना मधे थांबवलं नाही. त्यांनी दहा हजार पौंड सांगितले, यूस्टन सांगितलं, आणि शेपूटही सांगितलं. फक्त ते जाता जाता नाही. तिथे पोचल्यावर त्यांचा आवाज चढला, आणि संचालकांसाठी त्यांनी जे शब्द वापरले ते मला इथे लिहिता येणार नाहीत.